पहिल्या ओळीतला पत्ता

रणजितला काही विचारलं की उत्तर यायला दहा सेकंद लागत. सांगताना हे फार वाटत नाही. पण घरातल्या बोलण्यात कुणी कुणासाठी दहा सेकंद थांबत नाही. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई विचारायच्या, गुडघा दुखतोय का, आणि त्याच श्वासात पुढचं विचारायच्या, पंखा वाढवू का. मग पलंगाशेजारच्या स्पीकरमधून ‘हो’ यायचं. बाई पंखा वाढवायच्या आणि गुडघा वाकवत राहायच्या.

दोन वर्षांत रणजितची वाक्यं आखूड होत गेली. आधी त्यातले विनोद गेले, मग तक्रारी गेल्या, आणि अलीकडे बहुतेक वेळा एकच शब्द यायचा, ‘चालेल.’

तो शब्द मात्र मोठ्या रुबाबात यायचा. रणजित मगदूम सांगलीच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता, पण तासगावपासून कागलपर्यंत लोक त्याला ओळखायचे ते कुस्तीच्या मैदानावरचा निवेदक म्हणून. हलगी थांबायची आणि त्याचा आवाज सुरू व्हायचा. पैलवानाचा हात समोरच्याच्या पायाकडे जायच्या आत रणजितच्या तोंडून ‘पट काढला’ निघालेलं असायचं. पाच वर्षांपूर्वी मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली आणि त्याचे हातपाय, मान, जीभ सगळं बंद पडलं. उरले ते डोळे आणि पापण्या. नंतर जेव्हा त्याला नवा आवाज मिळाला, तेव्हा तो मैदानावरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून बनवला गेला. त्यामुळे ‘चहा चालेल’ हेसुद्धा मानाच्या कुस्तीचा निकाल पुकारावा तसं ऐकू यायचं. सुरुवातीला सगळे हसायचे. रणजितही डोळ्यांनी हसायचा.

ज्या यंत्रामुळे तो बोलत होता त्याला सगळे नुसतं ‘जाळी’ म्हणत. मेंदूचा जो भाग जीभ, ओठ आणि जबडा हलवतो, त्याच्यावर केसाहून बारीक तारांची एक जाळी अंथरलेली होती. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा तिथून स्नायूंना हुकूम सुटतात. रणजितचे हुकूम अजून सुटत होते, फक्त वाटेतला पूल पडला होता. जाळी ते हुकूम पुलाच्या अलीकडेच टिपायची आणि उशाशी ठेवलेली जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी त्यावरून अक्षरं आणि अक्षरांवरून वाक्य जुळवायची. ती पेटी म्हणजे लिनक्सवर चालणारा साधा संगणक होता.

पण वाक्य जुळलं की लगेच ऐकू येत नसे. अशी यंत्रं पहिल्यांदा आली तेव्हा ती अर्ध्या शब्दावरून पुढचं स्वतःच भरायची, आणि एका माणसाच्या तोंडी त्यानं कधीच न दिलेली संमती आली होती. त्या खटल्यानंतर कायदा झाला. प्रत्येक वाक्य बाहेर पडण्याआधी मेंदूतल्या हुकमांच्या आलेखासह एका त्रयस्थ संगणकाकडे जायचं. हे वाक्य माणसाचंच आहे, यंत्राचा अंदाज नाही, एवढं तो संगणक तपासायचा. त्याचं नाव ‘साक्षी’. साक्षीनं होकार दिला की स्पीकर उघडायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायला हवं होतं, आणि पहिली काही वर्षं तसंच होत होतं.

मग एकदा रणजितला जोराचा ताप आला. तो उतरल्यावर काही आठवड्यांनी घरात कुणाच्या तरी लक्षात आलं की तो उत्तर द्यायला वेळ लावतोय. डॉक्टर म्हणाले, तापात आणखी एखादी बारीक इजा झाली असेल. ती स्कॅनमध्ये दिसत नाही. हळूहळू असंच होत जातं. शलाकानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मान हलवली आणि औषधांच्या वेळा विचारून घेतल्या. घरी आल्यावर तिनं दूध तापवलं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, हे तिला दूध उतू जाताना सुचलं. तिनं गॅस बंद केला आणि ओटा पुसला.

तेव्हापासून रणजितच्या वतीनं तीच बोलू लागली. हे कुणी ठरवलं नव्हतं. फोनवर कुणी त्याची चौकशी केली की ती त्याच्याकडे एकदा बघायची आणि सांगायची, बरा आहे म्हणतोय. वरची पापणी किती वेळ मिटते, नजर कुठं वळते, यावरून तिला कळायचं. रणजितची थोरली बहीण सुवर्णा पलीकडच्या गल्लीत राहायची. ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची की आमच्या शलाकाला त्याच्या मनातलं त्याच्याआधी कळतं. शलाकाला या बोलण्याचं बरं वाटायचं. त्या काळात तिला बरं वाटण्यासारखं दुसरं फार काही नव्हतं.

येत्या गुरुवारी सरकारी वैद्यकीय मंडळ येणार होतं. जाळी बसवलेल्या प्रत्येकाची दर दोन वर्षांनी तपासणी व्हायची. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ मोजला जायचा, आणि तो सहा सेकंदांवर गेला तर ते माणसाचं स्वतःचं बोलणं उरलं नाही असं धरलं जायचं. मग साक्षी बंद. साक्षी बंद म्हणजे स्पीकर बंद. पुढं कायद्यानं रणजितच्या जागी शलाकाचा शब्द चालणार होता.

वन्सं, म्हणजे सुवर्णा, रविवारी येऊन बसल्या तेव्हा म्हणाल्या, “जाईना का ते मशीन. नाहीतर बोलतोय काय, चालेल चालेल. तुला कळतंच की सगळं.”

पलंग हातभर अंतरावर होता. त्या चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, आणि मग स्पीकरमधून ‘नको’ आलं. शलाकाला वाटलं, त्याला चहा नको आहे.

*

शलाका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होती. मंडळाला पेटीतल्या नोंदी द्यायच्या होत्या, म्हणून सोमवारी रजा टाकून दुपारी ती आपल्या लॅपटॉपवरून पेटीत शिरायला बसली. हे काम ती एरवी तंत्रज्ञांवर सोडायची. पासवर्ड दिला आणि पडदा तसाच राहिला. मग उघडला. पेटीचे जाण्यायेण्याचे मार्ग कोणते ते विचारणारी कमांड तिनं दिली. तीही अडली, एक ओळ आली, पुन्हा अडली, दुसरी आली. तिनं साक्षीला पिंग केलं, म्हणजे आहेस का अशी नुसती हाक मारली. पहिली हाक अडकली. मग मात्र ओ वर ओ पटापट येत गेले.

ती हात मांडीवर ठेवून बघत राहिली. गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि वजनाची चिठ्ठी बाहेर यायला जरा उशीर झाला की रांगेतून शिव्या सुरू होतात. त्या शिव्या ऐकत ऐकत ती उशिराचे प्रकार ओळखायला शिकली होती. गर्दीनं झालेला उशीर कमीजास्त होतो. दमलेल्या यंत्राचाही तसाच. पण यंत्र जेव्हा कुणाची तरी वाट बघत बसलेलं असतं, तेव्हा उशीर दर वेळी मोजून तेवढाच असतो.

तिनं मोजलं. पाच सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा पाच. मग तिनं साक्षीचं नाव न लिहिता त्याचा आकडा लिहून हाक मारली. ओ ताबडतोब आला. मार्गांच्या कमांडला तिनं ‘डॅश एन’ जोडलं, म्हणजे नावं शोधू नकोस, आकडेच दाखव. सगळ्या ओळी एकदम आल्या.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, नावं आपल्या सोयीची असतात. नाव दिलं की संगणकाला आधी कुणाला तरी विचारावं लागतं की या नावाचा आकडा काय. ज्याला विचारायचं तो नेमसर्व्हर. त्याचा पत्ता एका छोट्या फाइलीत लिहिलेला असतो, आणि पत्ते दोन असले तर ते वरून खाली विचारायचे असतात. वेशीतून आत आल्यावर पहिल्या घरी चौकशी करावी, तसं. घरात कुणी नसेल तर माणूस दारात उभा राहतो, हाका मारतो, आणि मग दुसऱ्या घराकडे जातो. माणूस पुढच्या खेपेला पहिलं घर टाळेल. ही पेटी टाळत नव्हती. मागच्या खेपेचं तिला काही आठवत नव्हतं. ती प्रत्येक वेळी त्या बंद दाराशी पाच सेकंद उभी राहत होती.

रणजितच्या प्रत्येक वाक्याला ती दोनदा उभी राहत होती. एकदा साक्षीचा आकडा विचारायला, आणि एकदा, होकार आल्यावर, तो पाठवणाऱ्याच्या आकड्याचं नाव नोंदीसाठी विचारायला. पाच आणि पाच.

तिनं नोंदी उघडल्या. वाक्य जुळल्याची वेळ एका जागी होती, स्पीकर उघडल्याची दुसऱ्या जागी. ज्यांनी जाळी तपासली त्यांनी पहिली वेळ बघून यंत्र उत्तम चाललंय असं कळवलं होतं, आणि डॉक्टरांनी उशीर बघून मेंदू मंदावलाय असं म्हटलं होतं. दोघांचं आपापल्या जागी बरोबर होतं. पेटीत वाक्यं जुळत होती ती पहिल्या वर्षी जुळायची तेवढ्याच चपळाईनं. रणजित कुठंही मंदावलेला नव्हता.

मग तिनं ती फाइल उघडली. तिच्यात दोन पत्ते होते. दुसरा तिनंच लिहिला होता. ज्या रुग्णालयानं जाळी बसवली त्यानं अडीचएक वर्षांपूर्वी हा विभाग दुसऱ्या संस्थेकडे सोपवला, तेव्हा फोनवरच्या तंत्रज्ञानं तिला नवा पत्ता सांगितला होता आणि जुना काढून टाका म्हटलं होतं. तिनं जुना ठेवला आणि नवा खाली लिहिला. कारखान्यात गाळप चालू असताना चालत्या ओळीला कुणी हात लावत नाही. नवी ओळ खाली लिहायची, जुनी असू द्यायची. नवी फसली तर जुनी तारून नेते. तिथं हा शहाणपणा होता, आणि अनेकदा त्यानं कारखाना थांबता थांबता वाचला होता. जुना नेमसर्व्हर त्यानंतरही काही महिने उत्तरं देत राहिला असणार. मग कुणीतरी तो बंद केला. सगळ्यांना नवा पत्ता दिलेला होता, त्यामुळे कुणाला कळवायचा प्रश्नच नव्हता. त्याच सुमाराला रणजितला ताप आला.

शलाकानं पहिली ओळ पुसली आणि फाइल जतन केली.

“रणजित,” ती म्हणाली, “पाणी हवंय?”

“नको,” स्पीकर म्हणाला.

इतक्या लवकर कुणी बोललं की दचकायला होतं. ती दचकली. पलंगावरचे डोळे स्पीकरकडे वळले, मग तिच्याकडे.

“परत विचार,” रणजित म्हणाला.

“पाणी हवंय?”

“नको. काहीतरी दुसरं विचार.”

“आज वार कोणता?”

“सोमवार. काय केलंस?”

तिनं सांगितलं. दोन घरांचं उदाहरण न देता सरळ सांगितलं. कारखान्यातल्या सवयीचंही सांगितलं. तिचं बोलून झालं आणि खोलीत शांतता पसरली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती शांतता पेटीची नव्हती, रणजितची होती.

“म्हणजे मी ठीक होतो,” तो म्हणाला.

“हो.”

“मलाही वाटायला लागलं होतं की मी संपत चाललोय. मी बोलतोय आणि माझ्याच कानावर उशिरा येतंय. डॉक्टर म्हणाले तेच खरं असणार म्हटलं.”

यावर तिला बोलायला हवं होतं. तिनं मनात शोधलं, पण इंजेक्शन दिलेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी तसं झालं. तिथं हिरडी होती, एवढंच कळत होतं. “चहा टाकते,” ती म्हणाली.

“साखर घाल,” रणजित म्हणाला. “तू दोन वर्षं बिनसाखरेचा देतेयस.” त्याचं खाणंपिणं पोटातल्या नळीतून जायचं, पण त्याआधी चहाचा एक थेंब जिभेवर ठेवायची त्यांची पद्धत होती. तो थेंब गोड असावा एवढंच त्याचं म्हणणं होतं.

*

पुढचे दोन दिवस तो बोलत होता. आवाज मैदानावरचा असल्यामुळे घर भरून जायचं. खिडकीचा पडदा संध्याकाळी ओढू नका. मला त्या वेळी बाहेरचं बघायचं असतं. नाट्यगीतं मला आवडत नाहीत, ती माझ्या आईला आवडायची, तुम्ही मला लावता. पट्ट्यापट्ट्यांची चादर टोचते. व्यायामाच्या बाईंना त्यानं त्यांच्या गावचं नाव विचारलं, त्यांच्या मामाची एक जुनी कुस्ती सांगितली, आणि शेवटी म्हणाला की आता सांगतो, गुडघा दुखतोय. दोन वर्षं झाली, दुखतोय.

वन्सं आल्या तेव्हा तो म्हणाला, “ताई, माझ्या उशाशी बसून शेजारच्या सुनेबद्दल बोलत जाऊ नकोस. सगळं ऐकू येतं मला.”

सुवर्णा हसल्या. मग पदराला डोळे पुसत म्हणाल्या, “मेल्या, मग इतके दिवस सांगायचं की.”

“सांगत होतो. तू निघून जायचीस.”

शलाका प्रत्येक गोष्ट ऐकत होती आणि तशी करत होती. चादर बदलली. पडदा बांधून टाकला. तिच्याकडून चुकलेल्या गोष्टी एकेक करून पुढं येत होत्या आणि ती त्या विभागातल्या तक्रारींसारख्या निकाली काढत होती. पापणी जरा जास्त वेळ मिटली की नको, असं ती समजत आली होती. पापणी मिटली की तो मोठं वाक्य जुळवत असायचा.

बुधवारी सकाळी तिनं त्याची दाढी करायला घेतली. फेस लावून झाला तेव्हा तो म्हणाला, “आई गेली तेव्हाचं बोलायचंय.”

सासूबाई गेल्या वर्षी गावी वारल्या. वन्संचा फोन आला होता की रुग्णवाहिका करून त्याला शेवटच्या दर्शनाला आणायचं का. शलाकानं फोन कानाला धरून रणजितला विचारलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. तिनं वन्संना सांगितलं की नको म्हणतोय, त्याला सोसायचं नाही. आणि स्वतः निघायची तयारी करायला फोनवर बोलत बोलतच आतल्या खोलीत गेली.

“मी म्हणालो होतो,” रणजित म्हणाला, “मला न्या. पलंगासकट टेम्पोत घाला, पण न्या. खोलीत कुणी नव्हतं.”

वस्तरा त्याच्या गालापाशी होता. तो तिनं वाटीत ठेवला. “नंतर बोलला नाहीस कधी.”

“तू रात्री परत आलीस. तोवर सगळं झालेलं होतं. तेव्हा बोलून काय करायचं होतं?”

शलाका त्याच्या गालावरच्या फेसाकडे बघत राहिली. तो कडेनं वाळायला लागला होता. तिला वाटलं, आपण रडू. पण तसं काही झालं नाही, आणि फेस वाळून चालणार नव्हता, म्हणून तिनं वस्तरा उचलून उरलेली दाढी केली.

तोंड पुसून झाल्यावर तो म्हणाला, “उद्या मंडळाला सांगणार आहे. मला कोल्हापूरच्या वसतिगृहात राहायचंय.”

कोल्हापूरला जाळीवाल्यांसाठी एक वसतिगृह होतं. दहाबारा माणसं, सगळी त्याच्यासारखीच पडून, सगळी दिवसभर स्पीकरवरून एकमेकांशी बोलणारी. तिथं जागा मिळायची तर मंडळाच्या शिफारसीनं मिळायची. तिथून एकदा विचारणा आली होती, तेव्हा तिनं कळवलं होतं की ते नाही म्हणतात.

“इथं काय कमी पडतं, सांग,” शलाका म्हणाली. “चुकलं ते कळलंय मला. आता तू लगेच बोलतोस.”

“बोलतो. पण तू अजून आधी माझ्या डोळ्यांकडे बघतेस आणि मग ऐकतेस. ताईचं तेच, त्या व्यायामाच्या बाईंचंही तेच. या घरात सगळ्यांना माझी उत्तरं आधीच माहीत असतात. तिथं कुणी माझे डोळे वाचत नाही, शलाका. त्यांना वाचताच येत नाहीत, ते सगळे छताकडे बघत असतात.”

शेवटचं त्यानं विनोदानं म्हटलं होतं. मैदानावर असता तर लोक हसले असते.

“तुझ्यावर रागावून नाही जात,” तो पुढं म्हणाला. “तसं असतं तर सांगितलं असतं. आता सांगता येतं मला.”

गुरुवारी सकाळी तिनं पेटी पुन्हा तपासली. साक्षीला नावानं हाक मारली, ओ लगेच आला. ती फाइल उघडली. त्यात एकच ओळ होती. वर दुसरी लिहायला फारसं काही लागलं नसतं. तो जुना आकडा तिला पाठ होता. दुपारी मंडळाचे लोक आले असते, दहा सेकंद मोजले असते, आणि संध्याकाळपासून रणजितच्या जागी तिचा शब्द चालला असता. तो या खोलीत राहिला असता. कुणाला कधी कळलंही नसतं. रणजितला कळलं असतं, पण ते सांगायला त्याला आवाज उरला नसता.

हे सगळं तिनं एखादं गणित सोडवावं तसं शेवटच्या पायरीपर्यंत मनात नेलं. उत्तर बरोबर येत होतं. स्वतःची लाज वाटायला हवी, हेही तिला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तिनं फाइल होती तशी बंद केली आणि भात बघायला गेली.

*

मंडळाच्या डॉक्टर इनामदार पन्नाशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर वेळ मोजायचं उपकरण घेऊन एक तंत्रज्ञ आला होता. वन्संही येऊन खुर्चीत बसल्या होत्या. शलाकानं आधीच उशिराचं कारण आणि पेटीतल्या नोंदी दिल्या. तंत्रज्ञानं त्या वाचल्या, एकदा तिच्याकडे बघितलं आणि उपकरण जोडायला घेतलं.

रणजितला त्यांनी नाव विचारलं, जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. तो इतक्या झरझर सांगत गेला की तंत्रज्ञ म्हणाला, जरा हळू. “मैदानावर हळू बोललो असतो तर पैलवान चितपट होऊन घरी गेला असता,” रणजित म्हणाला. डॉक्टर इनामदार पहिल्यांदाच हसल्या. उपकरणावरचा आकडा एका सेकंदाच्याही खाली होता. त्यांनी सांगितलं की वाचा त्याची स्वतःची आहे याबद्दल मंडळाला शंका नाही.

मग त्यांनी विचारलं की आणखी काही सांगायचंय का, आणि त्यानं वसतिगृहाचं सांगितलं. वन्सं खुर्चीत पुढं सरकल्या. असं काय बोलतोस रे, इथं सगळं मिळतंय की, असं त्या म्हणत राहिल्या. रणजितनं प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं, आवाज न चढवता. काही वेळानं वन्संची वाक्यं संपली.

डॉक्टर इनामदार शलाकाकडे वळल्या. नियमाप्रमाणे घरच्या माणसाचं मतही नोंदवावं लागतं. त्यावर निर्णय अवलंबून नसतो, तो त्यांचाच राहील. पण विचारावं लागतं. “तुमचं काय म्हणणं आहे, मॅडम?”

शलाकानं तोंड उघडलं. दोन वर्षं तिनं या खोलीत दोन माणसांची उत्तरं दिली होती आणि तिला कधी शब्द शोधावा लागला नव्हता. आता ती शोधत होती. काय वाटतंय ते तिला दिसत नव्हतं. काहीतरी होतं, खूप खाली, आणि ते वर यायला निघालं होतं, एवढंच जाणवत होतं. तिनं भिंतीकडे बघितलं. तिनं डोळे मिटले.

“चालेल तिला,” वन्सं म्हणाल्या. “तिचीच किती ओढाताण झालीय हो. तिला कसलं म्हणणं असणार?”

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेन कागदाला टेकवलं. तंत्रज्ञ उपकरणाच्या वायरी गुंडाळायला लागला. पुढचा प्रश्न वसतिगृहात कधी हलवायचं याचा होता, आणि तो त्यांनी विचारायलाही घेतला.

“थांबा,” रणजित म्हणाला. आवाज मैदानाचा होता. सगळे थांबले. “तिनं अजून सांगितलेलं नाही.”

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली आणि लांब गेली. वन्सं एकदा काही बोलायला गेल्या, पण त्यांनी पलंगाकडे बघितलं आणि त्या गप्प बसल्या. रणजितचे डोळे शलाकावर होते. तो तिचा चेहरा वाचत नव्हता. नुसता थांबला होता.

“मला चालणार नाही,” शलाका म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही; जाड आणि ओला होता. “मला हे अजिबात चालणार नाही. पण त्याला जाऊ द्या.”

डॉक्टर इनामदारांचं पेन कागदावरच होतं. त्यांनी विचारलं, यातलं नेमकं कोणतं लिहू.

“दोन्ही,” शलाका म्हणाली.